आईचा सरळ ग्राफ

विज्ञानाच्या कुठल्याही बातमीवर आईचं मत तयार असतं आणि ते चार-पाच शब्दांत संपतं. चंद्रावर यान उतरलं तेव्हा आमच्या मारतहळ्ळीच्या सोसायटीत खाली मोठा पडदा लावला होता. सगळे टाळ्या वाजवत होते, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. आई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आता तिकडंपण फ्लॅट होणार." विचारलं त्याचं उत्तर देणारं ते नवं यंत्र माझ्या नवऱ्यानं तिला फोनवर दाखवलं. ते तिच्याशी शुद्ध मराठीत, अगदी नम्रपणे बोललं. आईनं चष्मा काढून ठेवला. "गोड बोलतंय," ती म्हणाली. "काम सांगितल्यावर कळेल." धाकट्या भावानं फरशी पुसणारं गोल यंत्र पाठवलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आणि कोपरे कोण पुसणार?" प्रश्न बरोबर होता. कोपरे मीच पुसते.

माझं म्हणाल तर मला आता कशावर मतच देववत नाही. रिंग रोडवरच्या एका ऑफिसात माझं काम दुसऱ्यांच्या मशीन्सवर नजर ठेवण्याचं. समोर भिंतभर पडदे, त्यांवर रेघा. रेघ हिरवी असली की बसायचं, तांबडी झाली की धावायचं. अर्धं आयुष्य यात गेलं. घरी आल्यावर मला गीझरचा दिवासुद्धा बघवत नाही. कोणी नवं घड्याळ दाखवलं, नवा फोन दाखवला, की मी "छान आहे" म्हणते आणि चहा ठेवायला उठते.

भावाचं उलटं. तो अमेरिकेत असतो, आणि तब्येतीवरचं एखादं संशोधन वाचल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. झोप किती घ्यावी, आतड्यातले जंतू काय खातात, जेवल्यावर किती चालावं. वाचलं की घरच्या ग्रुपवर टाकतो. बेळगावचे काका प्रत्येक बातमीखाली हात जोडतात, बातमी कॅन्सरची असो नाहीतर केळ्याची. वहिनी अंगठा दाखवते. नवरा एखादा विनोद टाकतो. मी रात्री सगळं एकदम वाचते आणि फोन उलटा ठेवते. भाऊ वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. लांब राहणाऱ्या माणसाला आईसाठी काहीतरी करावंसं वाटतं, आणि करण्यासारखं हाताशी फार नसतं. मग तो वस्तू पाठवतो. माझ्या घरातली निम्मी यंत्रं त्याच्या काळजीची आहेत.

वडील गेल्यावर आई बेळगावचं घर बंद करून माझ्याकडे आली. येऊन वर्षं झाली, तरी अजून "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं गे" असं अधूनमधून म्हणतेच. पण ती इथं माझ्यापेक्षा जास्त रुळली. कन्नड तिला लहानपणापासून येतं. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, समोरच्या दारातल्या अक्कांशी ती असं बोलते की मीच परकी वाटते. स्वयंपाक तिनं माझ्या हातातून कधी काढून घेतला ते मला कळलंही नाही. सकाळी मी निघताना डबा तयार, रात्री येते तेव्हा तवा तापलेला. आम्ही दोघं नवरा-बायको आपापल्या वेळेला येतो, आपापल्या फोनकडे बघत जेवतो, आणि ती गरम भाकरी आणून ताटात टाकते. "तू पण बस ना," म्हटलं की म्हणते, "तुमचं होऊ दे. मी मागनं बसते."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलेय. आमच्याकडे बायका मागनंच बसतात. आजी मागनं बसायची, काकू मागनं बसायच्या, आणि त्या काय नि किती खातात हे कोणी बघितलेलं नसायचं. मी स्वतः नोकरीमुळे या रांगेतून सुटले. सुटले म्हणून मागे वळून बघितलं, असं मात्र नाही.

तर आईची साखर वाढली. फार नाही, पण डॉक्टर म्हणाले, जपा. गोळी सुरू केली, गोड कमी करायला सांगितलं. मी ग्रुपवर रिपोर्ट टाकला आणि भावाला काम मिळालं. त्यानं त्याच आठवड्यात इथल्याच दुकानातून मागवून माझ्या दारात एक खोकं पोचवलं. आत शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी पांढरी चकती. ती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची, आतली केसासारखी सुई कातडीत राहते, आणि साखर किती ते दिवसभर आईच्या फोनवर दिसत राहतं. दोन आठवड्यांनी जुनी काढायची, नवी लावायची.

नवऱ्यानं व्हिडिओ बघून बघून ती लावली. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"दुखलं?"

"मुंगी चावल्यागत झालं. हे बटण असंच राहणार?"

"अंघोळीलापण काढायचं नाही."

"सरी," ती म्हणाली. कन्नडमधलं हे 'ठीक आहे' तिच्या तोंडी इतकं बसलंय की वाद घालायची सोयच राहत नाही.

भावानं आपल्या फोनवर, माझ्या फोनवर, वहिनीच्या फोनवर तो ग्राफ जोडून दिला. काकांना जोडता येईना, म्हणून तो रोज चित्र काढून ग्रुपवर टाकायला लागला. आणि मग घरात आईच्या साखरेशिवाय दुसरा विषय उरला नाही.

पहिल्या सकाळी आईनं इडली खाल्ली, आणि पडद्यावर डोंगर उभा राहिला. ग्रुपवर धावपळ. "इडली?? आई, इडली म्हणजे तांदूळच!" काकांनी हात जोडले. वहिनीनं डोळे मोठे केलेला चेहरा टाकला. नवरा म्हणाला, "आज आपल्या घरात नंदी हिल्स आलं." संध्याकाळी आई अक्कांकडे जाऊन कॉफी पिऊन आली, तर भावाचा फोन. त्याच्याकडे पहाट होती, आवाज झोपेतला. "आई, आता एक तासापूर्वी काय घेतलंस?" आई फोन दोन्ही हातांनी धरून उभी. "कॉफी गे. स्वल्प साखर होती." माझ्याशी बोलता बोलता लागलेला 'गे' ती त्यालाही लावते, घाबरली की.

मला राग यायचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? इथं भाजी कोण आणतं, दवाखान्याची रांग कोण लावतं, ओट्याशी तिच्या गुडघ्यांना त्रास होतो म्हणून उंच स्टूल कोणी करून घेतलं? पण मी काही बोलले नाही. थकलेल्या माणसाला एवढा एक फायदा असतो, भांडायला ताकद लागते आणि ती नसते. शिवाय ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या मशीन्सचे डोंगर-दऱ्या बघून घरी आल्यावर आईचाही ग्राफ बघायचा, याचा मला खराच कंटाळा आला होता. माझ्या फोनवर तिची सूचना वाजली की मी हातातलं टाकून धावायचे. आधी वाटायचं ऑफिसचं काही बंद पडलं, मग कळायचं आईनं केळं खाल्लं.

हळूहळू डोंगर खाली आले. आईनं इडली सोडली, मग कॉफीतली साखर, मग कॉफी. भात गेला. ग्रुपवर आता शाबासक्या येऊ लागल्या. "वा आई!" "काय सुंदर ग्राफ!" भाऊ रोज फोन करायचा, त्याची रात्र आणि आमची सकाळ. मी डबा भरत असताना त्याचा आवाज स्पीकरवर. "आई, यू आर अ रॉकस्टार. माझ्या ऑफिसातल्या लोकांना दाखवला मी तुझा ग्राफ. पन्नाशीच्या माणसाचापण असा नसतो." आई हसायची. लाजून, बोटानं ओट्यावरचं पीठ गोळा करत. मग त्याला सगळं सांगायची. काल काय केलं, कुठली भाजी, अक्का काय म्हणाल्या, लिफ्ट कशी बंद पडली. तो ऐकायचा. एखाद्या वेळी अर्धा-अर्धा तास. मला ते बघून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. एक काम तरी माझ्या डोक्यावरून गेलं असं वाटायचं. साखरेचं त्यानं बघावं, बाकीचं मी बघते.

पुढे ग्राफ इतका चांगला झाला की त्याच्याकडे कोणी नीट बघेनासं झालं. सकाळी चित्र यायचं, खाली अंगठे, काकांचे हात. पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ.

एका दुपारी ऑफिसात माझ्या टीममधली नागपूरची मुलगी म्हणाली, "मॅम, आज हा सर्व्हर किती शांत आहे बघा. सकाळपासून हलला नाही." मी मान वर न करताच म्हटलं, "इतकं सरळ काही नसतं. आधी बघ, त्याच्याकडे कोणी येतंय का." आमच्या धंद्यात हे अगदी बाळबोध आहे. कामात असलेल्या मशीनची रेघ थोडी तरी वर-खाली होतेच. रेघ फार सरळ दिसली की दोनच शक्यता, मोजणारा बिघडलाय किंवा मशीनला कामच मिळत नाहीये. तिनं बघितलं. वरचा कुठला तरी रस्ता तुटला होता, आणि सकाळपासून एकही गिऱ्हाईक त्या मशीनपर्यंत पोचलं नव्हतं. मशीन ठणठणीत होतं. रिकाम्या मशीनला कशाचा ताप येणार?

तो रस्ता जोडून दिला, आम्ही कॉफी प्यायलो, आणि मी सहाच्या बसनं निघाले. पुलाखाली नेहमीसारखी बस अडकली. समोर तांबडे दिवे, बाजूला तांबडे दिवे. मी सवयीनं फोन काढला. ग्रुपवर आजचं चित्र होतं. मी ते बोटांनी मोठं करून बघितलं. इतकं सरळ काही नसतं.

घरी पोचले तर लिफ्टपाशी समोरच्या अक्का भेटल्या. एकट्या राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. हातात आमचा स्टीलचा डबा होता. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही त्यांचीही रीत, आमचीही. म्हणून आत चकल्या होत्या. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "अम्मांना सांग, रोज नको पाठवू. भाकरी, भाजी, भात, सगळं येतं. एकटीला संपत नाही. मी जाड झाले बघ तुझ्या आईमुळे." आणि हसल्या. मी पण हसले. माझं कन्नड तेवढ्यापुरतं पुरलं.

त्या रात्री मी काही विचारलं नाही. आई "मी मागनं बसते" म्हणाली तेव्हा "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी शनिवार. नवरा जयनगरला एका मित्राकडे गेला होता. दुपारी मी दोन ताटं घेतली.

"तू बस," आई म्हणाली. "मी भाकरी टाकते."

"टाक. मी पण मागनं बसते आज."

"हे काय आता नवीन?"

"काही नाही. तुझ्याबरोबर बसते."

मग आम्ही दोघी गॅसपाशी उभ्या. ती बसेना, मी बसेना. भाकऱ्या झाल्या, तवा उतरला, ओटा पुसून झाला. तिनं आणखी एकदा पुसला. शेवटी तिच्याच्यानं उभं राहवेना. बसताना तिनं भिंतीला हात लावला, तो काढला, परत लावला. मी वाढलं. तिनं भाकरीचा चतकोर मोडून घेतला, बाकीची माझ्या ताटात टाकली. ताटाशेजारी तिनं फोन ठेवला, तोंड वर करून. एक घास घ्यायची आणि फोनकडे बघायची. चावताना बघायची. गिळल्यावर बघायची. इतक्या लगेच त्यात काही दिसत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"भात घे."

"नको गे. भातानं डोंगर होतोय."

तिनं पदर सावरायला हात वर केला आणि सोन्याच्या पाटल्या सरकन कोपरापर्यंत गेल्या. बेळगावला असताना त्या मनगटावरून काढायला साबण लागायचा. गेल्या महिन्याभरात या हातानं मला किती वेळा वाढलं असेल! मी ताटात बघत होते, फोनमध्ये बघत होते.

मला राग आला. तो आधी भावावर आला, मग सगळ्या ग्रुपवर, आणि सगळ्यांत जास्त, का कोण जाणे, त्या काकांच्या जोडलेल्या हातांवर. मी ताट बाजूला केलं. "पुरे झालं. उपाशी राहून सरळ रेघा काढायच्या आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. काढून टाकते हे बटण आत्ता."

तिनं झटकन दुसऱ्या हातानं दंड झाकला. लहान मुलं खाऊ लपवतात तसा.

"नको गे काढू."

"का? त्रास होत नाही तुला? भूक लागत नाही?"

"लागते की."

"मग?"

ती चतकोरातला उरलेला तुकडा भाजीत बुडवून तसाच धरून राहिली. मग म्हणाली, "रोज फोन करतोय की तो."

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"आधी रविवारी करायचा," ती सांगू लागली. "तो पण कधी राहून जायचा, कामं असतात. केला तर काय, जेवलीस काय, बरी आहेस काय, झालं. त्याला तरी काय सुचणार? मला तरी काय सुचणार? आता बघ, माझा सगळा दिवस त्याला ठाऊक असतोय. उठल्यापासनं निजेपर्यंत. रेघ चांगली आली की खूश होतोय. खूश झाला की बोलत बसतोय."

"आणि मी?" मी म्हणाले. म्हणायला नको होतं, पण आलं तोंडातून. "मी रोज घरात असते ना, आई?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"तू आहेसच की," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. माया होती म्हणा हवं तर. पंखा आहे, नळ आहे, लेक आहे. पिकतं तिथं विकत नाही हे मी हजारदा ऐकलं होतं, पण आपणच ते पीक आहोत हे असं ताटावर बसून कळायला नको होतं. मी उठून भात आणला. तूप घातलं. "खा," म्हटलं. तिनं चार घास खाल्ले. डोंगर यायच्या आत मी फोन उचलून फ्रिजवर ठेवला.

सोमवारी डॉक्टरांनी वजन बघितलं आणि कपाळाला आठी घातली. मग ग्राफ बघितला आणि आणखी एक घातली. म्हणाले, साखर उत्तम आहे, पण माणूस कुठे गेला? नीट जेवा, दोन्ही वेळा. या वयात थोडी वर-खाली झाली तर मी बघून घेईन. हे सतत मोजणं तुम्हाला गरजेचं नाही, अधूनमधून रक्त तपासू. आईनं "सरी" म्हटलं. बटण त्याच आठवड्यात संपणार होतं. नवं लावायचं नाही असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

भावाला फोन मी केला, सोसायटीच्या बागेत जाऊन. त्याला सगळं सांगितलं, अक्कांच्या डब्यासकट.

"पण ताई," तो म्हणाला, "नंबर्स तर परफेक्ट होते."

"हो," मी म्हटलं. "नंबर परफेक्टच होते."

मग मी त्याला फोनचंही सांगितलं, रोजच्या. ते सांगताना मला बरं वाटत नव्हतं. त्याला लागावं असं मला वाटत होतं आणि लागल्यावर वाईटही वाटत होतं. "मी करीन ना फोन," तो म्हणाला. "ग्राफ नसला म्हणून काय झालं? रोज करीन. प्रॉमिस." आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं. त्याच्या मनापासून म्हणण्यावर मला कधीच शंका नव्हती.

बटण निघालं. दंडावर गोल फिकट डाग राहिला, तोही गेला. आई जेवू लागली. म्हणजे मी बसवते, ती बसते. नवऱ्यानं रात्री फोन टेबलावर आणायची बंदी घातली आणि स्वतःच दोनदा मोडली. अक्कांकडे आता सणासुदीलाच डबा जातो. पाटल्या अजून सैल आहेत, पण कोपरापर्यंत जात नाहीत.

भाऊ रोज फोन करत होता. सकाळी डबा भरताना त्याचा आवाज स्पीकरवर.

"आई, काय विशेष?"

"काही नाही. तुझं?"

"चाललंय. जेवतेस ना?"

"जेवते की."

"गुड."

मग दोघंही थांबायची. त्याच्याकडचा टीव्ही ऐकू यायचा, आमच्याकडचा कुकर. बोलायला इडलीचा डोंगर नव्हता, कालच्या कॉफीचा हिशेब नव्हता. आई लिफ्टचं काहीतरी सुरू करायची, तो "हं, हं" करायचा, आणि त्या हुंकारावरून तिलाही कळायचं. ती आपणहून म्हणायची, "ठेव आता. उशीर झाला असेल तुला." मग एक दिवस आड फोन यायला लागला. मग त्याचं काहीतरी मोठं काम आलं. ग्रुपवर त्यानं परवा एक बातमी टाकली, म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणावर कुठेतरी संशोधन झालंय. काकांनी हात जोडले. मी काहीच टाकलं नाही. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण रात्रीचे दहा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी मला लवकर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्यासमोर बसून जेवत होती. अख्खी भाकरी, वर लोणी, पलीकडे आमटी. मी बॅग भरत होते. ती चांगली जेवत होती, आणि मी ते बघत होते, आता मी बघते. फोन तिच्या ताटाशेजारीच होता, काळा.

"अगे," ती म्हणाली, "ते बटण दुसरं मिळतंय काय?"

मी बॅगची चेन लावायची थांबले. "कशाला? डॉक्टर नको म्हणालेत ना?"

"मी जेवीन की. हे बघ, जेवतेच आहे." तिनं भाकरीचा मोठा तुकडा तोडून मला दाखवला, तोंडात टाकला, चावला, गिळला. मग पदरानं तोंड पुसलं आणि दाराकडे बघत, अगदी सहज म्हणाली, "साखर वाढली तर वाढू दे. रागवायला तरी फोन करील."